हा आकडा कुणाशी खेळून काढला?

१९८६ च्या मे महिन्यात कुवेतहून सुट्टीवर आलेल्या आमच्या शेजाऱ्यांनी एक खोका आणला. आमचे घर चौलच्या वाड्यांत, रेवदंड्याच्या रस्त्यालगत. आखातातून कुणी आले की खोके उघडण्याचा एक सोहळाच असे. टेपरेकॉर्डर, घड्याळे, साबणाच्या वड्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. या खोक्यातून निघाला तो बुद्धिबळाचा पट. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात लाल दिवा होता. मोहरा दाबून ठेवला की यंत्र 'टुक' असा आवाज करी आणि आपली चाल दिवे लावून सांगे. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. आमचे थोरले काका हे पंचक्रोशीतले नावाजलेले खेळाडू, म्हणून यंत्र आधी त्यांच्या ओट्यावर आले.

पहिला डाव भांडणातच संपला. यंत्राने एकाच चालीत राजा दोन घरे सरकवून हत्ती पलीकडे नेला. काका म्हणाले, 'हे लबाडी करतंय.' ते देशी पद्धतीने खेळत आले होते. त्या पद्धतीत प्यादे पहिल्यापासून एकच घर चालते आणि शह बसला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी घेता येते. किल्लेकोट त्यांनी ऐकला होता, पण कधी केला नव्हता. मी शाळेतल्या पुस्तकावरून त्यांना आंतरराष्ट्रीय नियम समजावले. मग खरे डाव सुरू झाले. खालच्या पातळीवर काकांनी यंत्राला सहज लोळवले. मधल्या पातळीवर दोघांचे बरोबरीचे झाले. वरच्या पातळीवर यंत्र एकेका चालीला इतका वेळ घेई की काका मधल्या वेळात सुपाऱ्या सोलत बसत. अखेर त्या पातळीवर ते हरले, आणि ओळीने तीनदा हरले.

खोक्यावर एक आकडा छापला होता. हे यंत्र अमुक इतक्या गुणांकनाचे आहे, असा त्याचा अर्थ. मी तो काकांना मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला. त्यांनी सुपारी बाजूला ठेवली आणि विचारले, 'हा आकडा कुणाशी खेळून काढला?'

मला उत्तर आले नाही. गेली काही वर्षे मी जमेल तिथून बुद्धिबळाची जुनी मासिके, स्पर्धांचे निकाल आणि गुणांकनाच्या याद्या जमवतो आहे. या विषयाचे शिक्षण माझ्याजवळ नाही. पण काकांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना एवढे कळले की माणूस आणि यंत्र यांच्या तुलनेचा पाऊणशे वर्षांचा इतिहास म्हणजे या एकाच प्रश्नाचा इतिहास आहे.

*

आकडे येण्यापूर्वीही ताकद मोजली जात होतीच. काकांची पद्धत सोपी होती. मी आठ वर्षांचा असताना ते वजीर काढून ठेवून माझ्याशी खेळत. दहाव्या वर्षी वजीर परत पटावर आला आणि हत्ती बाहेर गेला, पुढे घोडा, मग नुसते एक प्यादे. गावात कुणाची ताकद सांगायची तर 'त्याला मी घोडा देतो' असे म्हणत. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या क्लबांतही हेच माप होते. तिथले उस्ताद एक प्यादे आणि पहिली चाल प्रतिस्पर्ध्याला देऊन खेळत. या मापात एक मोठी सोय होती. ज्याला मोजायचे तो आणि मोजणारा असे दोघेही एकाच पटावर समोरासमोर बसलेले असत.

आज वापरात असलेल्या आकड्याचे जनक म्हणजे आर्पाद एलो. हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे हे प्राध्यापक स्वतः चांगले खेळाडू होते. अमेरिकेच्या महासंघाने त्यांची पद्धत १९६० मध्ये स्वीकारली आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये. तिचे मर्म असे: दोन खेळाडूंच्या आकड्यांतला फरक हा त्यांच्यातल्या डावांचा अंदाज असतो. फरक शून्य असेल तर दोघांनाही शंभरात पन्नास गुण मिळावेत. फरक २०० असेल तर वरचढाला सुमारे ७६ मिळावेत, आणि ४०० असेल तर सुमारे ९१. प्रत्यक्षात कमी-जास्त मिळाले की आकडा खाली-वर करायचा. बस, एवढेच.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. तापमान किंवा उंची यांसारखा हा आकडा नाही. १५०० म्हणजे अमुक इतकी बुद्धी असे कुठेच ठरलेले नाही. फरकाला अर्थ आहे, पण मूळ आकड्याला नाही. आणि फरकालाही अर्थ येतो तो ते दोन खेळाडू एकाच जमावात, एकमेकांशी किंवा एकमेकांच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळलेले असतील तरच. एलो स्वतः याबाबत सावध होते. त्यांनी आपल्या मापाची तुलना पाण्यावर हेलकावणारे बूच वाऱ्यात हलणाऱ्या दोरीला बांधलेल्या काठीने मोजण्याशी केली होती. आमच्या किनाऱ्यावर जाळ्याचे तरंगते बोये पाहत वाढलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

*

दोन जमाव एकमेकांशी खेळलेच नाहीत तर काय होते, याचे मला सापडलेले सर्वांत बोलके उदाहरण यंत्रांचे नाही. ते मुंबईतल्या एका मराठी घरातले आहे.

१९७४ साली भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या कन्या. पुढची जवळजवळ दहा वर्षे वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींचीच त्या स्पर्धेवर सत्ता होती. धाकट्या रोहिणी १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. तिथे खेळणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यावर गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर फिडेचे अध्यक्ष माक्स यूवे यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांत महिलांना अडवता येणार नाही. रोहिणी पुढे पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या आणि १९८१ मध्ये पहिल्या आशियाई महिला विजेत्या झाल्या.

त्या वेळी वाद झाला तो मुलीने पुरुषांत बसावे की नाही, असा. मोजमापाच्या अंगाने पाहिले तर त्यात आणखी एक प्रश्न दडलेला होता. महिला फक्त महिलांशी खेळत राहिल्या, तर त्यांचे आकडे पुरुषांच्या आकड्यांशी जोडायचे कसे? हा प्रश्न दहा वर्षांनी फिडेच्याच दारात उभा राहिला. महिलांच्या वेगळ्या जमावात आकडे खऱ्या ताकदीपेक्षा कमी राहिले आहेत, असे कारण देऊन जानेवारी १९८७ च्या यादीत सर्व महिला खेळाडूंना सरसकट १०० गुण वाढवून दिले गेले. अपवाद एकच होता, हंगेरीची सुझन पोल्गार. ती प्रामुख्याने पुरुषांशीच खेळत होती, म्हणून तिचा आकडा 'खरा' धरला गेला. परिणाम असा की एकही डाव न हरता तिचे पहिले स्थान गेले.

एका रात्रीत शंभर गुण! खेळ कुणाचाही सुधारला नव्हता. दोन जमावांमधला पूल कच्चा होता, तो कागदावर पक्का करण्याचा तो प्रयत्न होता. तेरा वर्षांच्या रोहिणीने पुरुषांच्या पटासमोर खुर्ची मागितली, तेव्हा ती तोच पूल प्रत्यक्षात बांधू पाहत होती, असे मला आज वाटते.

त्यांच्या परिचयांत आणखी एक वाक्य येते: लंडनमध्ये बुद्धिबळाच्या संगणकाला हरवणाऱ्या पहिल्या आशियाई खेळाडू. ते वाचले की मला काकांचा ओटा आठवतो. माणसाने यंत्राला एकदा हरवले, यंत्राने माणसाला एकदा हरवले, ही बातमी होते. माप होत नाही.

*

यंत्रांना हा पूल सुरुवातीला सहज मिळाला, कारण ती दुबळी होती आणि त्यांची भीती कुणालाच नव्हती. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेला 'मॅक हॅक' हा कार्यक्रम मॅसॅच्युसेट्समधल्या माणसांच्या स्पर्धांत उतरला आणि त्याला हौशी खेळाडूच्या तोडीचे गुणांकन मिळाले. काकांच्या प्रश्नाला त्याच्याजवळ चोख उत्तर होते: 'या या माणसांशी, या या दिवशी खेळून.'

१९६८ मध्ये स्कॉटलंडचे आंतरराष्ट्रीय मास्टर डेव्हिड लेव्ही यांनी पैज लावली की पुढच्या दहा वर्षांत कोणताही संगणक आपल्याला सामन्यात हरवणार नाही. १९७८ मध्ये टोरांटोला त्यांनी 'चेस ४.७' ला साडेतीन-दीड असे हरवून पैज जिंकली. मात्र त्यातला एक डाव यंत्राने घेतला होता. १९८३ मध्ये बेल प्रयोगशाळेतले 'बेल' हे यंत्र अमेरिकेत मास्टर दर्जाला पोहोचले. १९८८ मध्ये 'डीप थॉट'ने स्पर्धेत ग्रँडमास्टर बेंट लार्सन यांना हरवले आणि पुढच्या वर्षी लेव्हींनाही चार-शून्य असे धुऊन काढले. कार्नेगी मेलन विद्यापीठात ज्या चमूने हे यंत्र घडवले त्यात बनारस हिंदू विद्यापीठातून शिकून गेलेले थॉमस अनंतरामन होते. सलग २५ डावांत २५०० च्या वर कामगिरी केल्याबद्दल डीप थॉटला १९८९ मध्ये १०,००० डॉलरचे फ्रेडकिन पारितोषिक मिळाले. या पारितोषिकाची अट मला फार शहाणपणाची वाटते. एका खळबळजनक विजयाला तिथे किंमत नव्हती. सलग पंचवीस डाव, तेही माणसांशी.

इथे मला आमच्या अलिबागची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून आपण अनेकदा गेलो असू, पण ती तिथे का आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने नाजूक नोंदी बिघडणार, म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला हलवली गेली. पण कुलाब्याची उपकरणे लगेच बंद केली नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्या दोन वर्षांमुळेच कुलाब्याची जुनी मालिका आणि अलिबागची नवी मालिका एकमेकींना जोडता आली, आणि आज ती जगातल्या दीर्घ अखंड मालिकांपैकी एक मानली जाते. मूस यांना घाई असती आणि त्यांनी कुलाबा एका दिवशी बंद करून दुसऱ्या दिवशी अलिबाग सुरू केले असते, तर दोन ठिकाणचा फरक कुठला आणि काळाचा फरक कुठला हे कधीच वेगळे करता आले नसते.

बुद्धिबळात हे मूस यांचे काम कुणी केले असेल तर ते स्वीडनच्या हौशी लोकांनी. तिथल्या संगणक-बुद्धिबळ संघटनेने बाजारात येणारी यंत्रे एकमेकांशी खेळवून त्यांची गुणांकन यादी बनवायला सुरुवात केली. यंत्र थकत नाही, त्यामुळे डाव हजारोंनी झाले. पण ही मंडळी तेवढ्यावर थांबली नाहीत. १९८७ ते १९९१ या काळात त्यांनी यंत्रांना स्वीडनच्या गुणांकित खेळाडूंशी स्पर्धांत ३३७ डाव खेळवले आणि त्या आधारे यादीची पातळी ठरवली. यंत्रांची मालिका आणि माणसांची मालिका यांच्यातली ती 'कुलाबा-अलिबाग वर्षे' होती.

पुढे मात्र पूल सैल झाला. नवी यंत्रे जुन्या यंत्रांशी खेळून आकडे मिळवू लागली. दोन जवळपास सारख्या यंत्रांत एक जरा जलद असेल, तर ते दुसऱ्याला वारंवार, त्याच त्या प्रकाराने हरवते. माणसासमोर तोच वेग तेवढा उपयोगी पडतोच असे नाही. त्यामुळे यंत्रांच्या जमावात आकडे ताणले गेल्याची शंका येऊ लागली. २००० मध्ये स्वीडिश संघटनेने आपली संपूर्ण यादी एकदम १०० गुणांनी खाली आणली. १९८७ मध्ये महिलांना शंभर वर आणि २००० मध्ये यंत्रांना शंभर खाली! दोन्ही वेळी पटावर काहीच घडले नव्हते. दोन्ही वेळी दुरुस्ती झाली ती पुलाची.

*

आता सर्वांना ठाऊक असलेल्या सामन्याकडे येऊ. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला आयबीएमच्या 'डीप ब्लू'ने गॅरी कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असे हरवले. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारे हे यंत्र होते. त्या दिवशी यंत्राने माणसाला कायमचे मागे टाकले, असे आपण वाचत आलो. माझ्याही कात्रणांच्या वहीत ती बातमी आहे.

पण काकांच्या हिशेबाने पाहा. सहा डावांत साडेतीन म्हणजे ५८ टक्के. एलोच्या सूत्राप्रमाणे तो साधारण ५८ गुणांचा वरचढपणा होतो. मात्र सहा डाव म्हणजे फारच थोडे. त्या सहा निकालांतला चढउतार धरून गणित मांडले तर सर्वसाधारण चुकीचा पल्ला टक्केवारीत वरखाली १४ इतका येतो. म्हणजे डीप ब्लू कास्पारोव्हपेक्षा १६० गुणांनी वरचढ असू शकेल आणि ४० गुणांनी कच्चाही असू शकेल, दोन्ही शक्यता त्या निकालात बसतात. शिवाय फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियाला कास्पारोव्हने त्याच यंत्राच्या आधीच्या रूपाला चार-दोन असे हरवले होते. दोन्ही सामन्यांचे बारा डाव एकत्र केले तर कास्पारोव्हचे साडेसहा आणि यंत्राचे साडेपाच होतात. यंत्र मधल्या काळात सुधारले होते हे खरेच, त्यामुळे बेरीज तंतोतंत न्याय्य नाही. पण तिसरा सामना झाला असता तर उत्तर मिळाले असते. तो झाला नाही. यंत्र निवृत्त केले गेले, आणि ज्याला मोजायचे तेच पटावरून उठून गेले. तुलनेसाठी सांगायचे तर स्वीडनच्या ३३७ डावांसारख्या संख्येत हाच चुकीचा पल्ला पंधरा-वीस गुणांवर येतो. बातमी सहा डावांची झाली, माप मात्र त्या तीनशे सदतीस डावांनी दिले. आजही त्यांचे नाव कुणाला ठाऊक नाही.

दुसरी अडचण वेळेची. काकांच्या सुपाऱ्या इथेही कामाला येतात. विश्वनाथन आनंद आणि 'रेबेल १०' या कार्यक्रमात जुलै १९९८ मध्ये इटलीतल्या इस्किया बेटावर आठ डावांचा सामना झाला. एकूण निकाल यंत्राच्या बाजूने पाच-तीन. पण तो फोडून पाहा. चार अतिजलद डावांत यंत्र तीन-एक, दोन जलद डावांत यंत्र दीड-अर्धा, आणि पूर्ण वेळेच्या दोन डावांत आनंद दीड-अर्धा. एकाच आठवड्यात, त्याच दोघांत, घड्याळ बदलताच वरचढ कोण हे बदलले. १९९४ मध्ये लंडनच्या जलद स्पर्धेत 'चेस जीनियस'ने कास्पारोव्हला बाहेर काढले, आणि त्याच स्पर्धेत आनंदने त्याच जीनियसला दोन-शून्य असे हरवले. तेव्हा 'यंत्र किती बलवान?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'किती वेळात, कुणासमोर आणि कोणत्या यंत्रावर?' असे विचारावे लागते. खोक्यावर हे कधीच छापलेले नसते.

*

शंकेला जागा उरली नाही ती यानंतरच्या दशकात. २००२ मध्ये बहारीनला क्रामनिक आणि 'डीप फ्रिट्झ' चार-चार बरोबरीत राहिले. २००५ मध्ये 'हायड्रा'ने इंग्लंडच्या मायकेल अॅडम्सला साडेपाच-अर्धा असे चिरडले. २००६ मध्ये बॉनला क्रामनिक चार-दोन असा हरला. २००९ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या एका स्पर्धेत खिशातल्या मोबाइल फोनवर चालणाऱ्या 'पॉकेट फ्रिट्झ ४' ने दहापैकी साडेनऊ गुण मिळवले. सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या कपाटाची आता गरजच उरली नव्हती.

मग अव्वल खेळाडूंनी यंत्रांशी बरोबरीने सामने खेळणे जवळजवळ सोडून दिले. कारण समजण्याजोगे आहे, हरण्यासाठी कोण बसणार? पण त्याबरोबर पूलही गेला. आज यंत्रांच्या याद्यांत 'स्टॉकफिश'समोर ३६०० च्या आसपासचे आकडे दिसतात. माणसांमध्ये आजवरचा सर्वोच्च आकडा मॅग्नस कार्लसनचा, २०१४ मधला २८८२. वजाबाकी केली तर सातशेहून जास्त फरक येतो, म्हणजे कार्लसनला शंभर डावांत दीड-दोन गुण. हे खरे असेलही. पण ३६०० हा आकडा माणसाशी खेळून आलेला नाही. तो यंत्रांशी खेळून आला, त्या यंत्रांचा आणखी जुन्या यंत्रांशी खेळून, आणि साखळीच्या अगदी दुसऱ्या टोकाला कुठेतरी माणसे आहेत. यंत्र फार वरचढ आहे यात मला शंका नाही. ते नेमके किती वरचढ आहे हे ती वजाबाकी सांगते, यावर मात्र माझा विश्वास नाही.

आणि इथे इतिहासाने मोठी गंमत केली. जेव्हा खरेच मोजायचे ठरले तेव्हा लोक थेट काकांच्या ओट्यावर परत आले. २००७ मध्ये 'रिब्का' या कार्यक्रमाने ग्रँडमास्टर यान एल्वेस्टला एक प्यादे देऊन आठ डाव खेळले आणि तरीही साडेपाच-अडीच असा विजय मिळवला. २०१६ मध्ये 'कोमोडो'ने हिकारू नाकामुराला सवलती देऊन चार डाव खेळले. त्यातले तीन बरोबरीत सुटले, एक यंत्राने घेतला. जगातल्या पहिल्या दहांत गणल्या जाणाऱ्या खेळाडूला यंत्र प्यादे 'देते', हे वाक्य मला ३६०० पेक्षा अधिक कळते. कारण ते दोघे एकाच पटावर बसले होते.

*

आता तराजूच उलटा झाला आहे. पूर्वी माणसांशी खेळवून यंत्राचे वजन करत असू, आज यंत्र माणसाचे वजन करते. २००६ मध्ये स्लोव्हेनियाच्या मातेई गुइड आणि इवान ब्रात्को यांनी 'क्राफ्टी' या कार्यक्रमाकडून जगज्जेत्यांच्या चाली तपासून घेतल्या आणि कापाब्लांका सर्वांत अचूक ठरला. त्यावर लगेच आक्षेप आला की तेवढ्या मर्यादित खोलीवर तपासणारे ते यंत्र स्वतः या जगज्जेत्यांपेक्षा बलवान आहे तरी का? परीक्षक विद्यार्थ्यापेक्षा कच्चा असेल तर गुणपत्रिकेचे काय करायचे? आजची यंत्रे त्या आक्षेपातून सुटली आहेत. पण चुका मोजणे आणि ताकद मोजणे यांत अंतर राहतेच. सोप्या, शांत डावात कुणीही अचूक दिसतो. समोरच्याला अडचणीत टाकणारा खेळाडू स्वतःही जास्त चुकतो, आणि तरी जिंकतो.

जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख कोनेरू हंपीसमोर बसली होती. घरोघरी लोक पडद्यावर डाव पाहत होते आणि शेजारी यंत्राची पांढरी-काळी पट्टी वर-खाली होत होती. पट्टी हलली की पाहणारे हळहळत, जणू एकोणीस वर्षांच्या त्या मुलीला समोर दिसायलाच हवे होते ते तिला दिसले नाही. तिला पट्टी दिसत नव्हती. तिच्यासमोर हंपी होती आणि घड्याळ होते. ती जिंकली आणि भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. तो विजय यंत्राने मोजलेला नव्हता. समोर बसलेल्या माणसाकडून तो मिळवावा लागला.

हे मी का लिहितो आहे तेही सांगतो. रविवारी आमच्या ओट्यावर वाडीतली पाच-सहा मुले खेळायला येतात. त्यांत एक बारा वर्षांची मुलगी आहे, चांगली खेळणारी. गेल्या पावसाळ्यात तिचे येणे बंद झाले. विचारले तर म्हणाली, 'मी काहीही खेळले तरी मोबाइल लाल खूण दाखवतो. मला येतच नाही.' फोनवरच्या त्या यंत्राच्या ताकदीचा आकडा कुणाशी खेळून काढला आहे, हे तिला कुणी सांगितले नव्हते. तिने आपले माप अशा जमावाकडून घेतले होते, ज्याच्यात ती कधी बसलीच नव्हती.

मी तिला हिशेब समजावला नाही. काकांचा जुना लाकडी पट काढला, माझा घोडा उचलून खाली ठेवला आणि म्हटले, 'बस. आज मी तुला घोडा देतो.' तो डाव ती हरली, पुढचाही. तिसऱ्या रविवारी तिने मला मात दिली, तीही प्याद्याने. जुने लोक प्यादेमातीला सर्वांत मानाची मात मानत. तिने खाली ठेवलेला घोडा उचलला, त्याच्या घरात परत ठेवला आणि मोहरी मांडू लागली.